गोमंतकीय वादक आणि हिंदी चित्रपटसंगीत

गोमंतकीय वादक आणि हिंदी चित्रपटसंगीत : पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेले गोमंतकीय वादक आणि हिंदुस्थानी परंपरेत वाढलेले संगीतकार यांच्या सहकार्यातून मुंबईत घडलेली वाद्यवृंदपरंपरा. तिचा बहराचा काळ स्थूलमानाने १९४५ ते १९८० असा मानता येईल.

पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील चर्चशी संलग्न शाळांतून मुलांना व्हायोलिनवादन व पाश्चात्त्य स्वरलेखन शिकविले जाई. तेथे तयार झालेले ख्रिस्ती वादक उपजीविकेसाठी ब्रिटिश हिंदुस्थानात येत. संस्थानिकांचे बँड, मोठी हॉटेले आणि मूकपटगृहे ही त्यांची आश्रयस्थाने होती. १९३१ मध्ये बोलपट आला आणि मूकपटगृहांतील काम संपत गेले. १९४७ नंतर संस्थानी आश्रय सुटला. १९४९ च्या मुंबई मद्यनिषेध कायद्याने हॉटेलांतील नृत्यरजनींनाही ओहोटी लागली. चित्रपटांचे ध्वनिमुद्रण हाच मग मुख्य आधार उरला. दोन परंपरांचा हा मेळ कलाविषयक कुतूहलापेक्षा पोटापाण्याच्या गरजेतून जुळला, हे नमूद केले पाहिजे.

संगीत दिग्दर्शक पेटीवर किंवा गळ्यातून चाल सांगे. सतारिये, सारंगिये व तबलजी ती ऐकून वा सरगमच्या आधारे उचलीत; परंतु व्हायोलिनांच्या मोठ्या ताफ्यास प्रत्येकाचा भाग लिहून द्यावा लागे. हे काम गोमंतकीय वाद्यवृंद-संयोजकाकडे (अरेंजर) येई. खरी अडचण येथेच होती. रागसंगीत एकपदरी स्वरावलीवर उभे असते, तर पाश्चात्त्य संगीत एकाच वेळी अनेक स्वर योजते. चालीखाली असा स्वरसमूह ठेवताना रागात वर्ज्य असलेला स्वर सहज शिरे. मींड तर त्या लिपीत पुरेशी उतरतच नसे. शंकर-जयकिशन यांचे संयोजक सेबॅस्टियन डिसोझा यांनी चालीला धक्का न लावता, गायनाच्या पाठीमागून व्हायोलिनांची दुसरी स्वतंत्र स्वररेषा नेण्याची रीत रूढ केली. त्या जोडीच्या गीतांची ओळख बव्हंशी या रेषेवरून पटते. सी. रामचंद्र यांच्या अलबेला (१९५१) मधील जॅझचा बाज ट्रंपेटवादक चिक चॉकलेट यांच्या साहाय्याचे फळ होय.

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्व्हिस (१९२७–२०१२) यांची महत्त्वाकांक्षा याहून मोठी होती. रागांचा अभ्यास करून त्यांनी वाद्यवृंदासाठी स्वतंत्र रागाधारित रचना केल्या आणि १९५८ मध्ये मुंबईच्या सेंट झेव्हियर महाविद्यालयाच्या प्रांगणात त्या सादर केल्या. लता मंगेशकर व मन्ना डे हे त्यांतील गायक होते. चित्रपटाच्या तीन मिनिटांत न मावणारा हा प्रयोग पुढे चालू राहिला नाही. १९६५ मध्ये ते अमेरिकेतील सिरॅक्यूज विद्यापीठात गेले. प्यारेलाल व राहुलदेव बर्मन हे त्यांचे शिष्य. अमर अकबर अँथनी (१९७७) मधील गीतात प्यारेलाल यांनी गुरूचे नाव गुंफले. ते नाव घरोघरी पोहोचले, पण ते खऱ्या माणसाचे आहे हे फार थोड्या श्रोत्यांना ठाऊक होते.

श्रेयाच्या वाटणीत एकूणच विषमता होती. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत संयोजकाचे नाव आलेच, तर ‘साहाय्यक’ म्हणून येई. ध्वनिमुद्रिकेवर वादकांची नावे क्वचितच आढळतात. चाल कोणाची हे सांगता येते, मात्र तिच्या अवतीभवतीचे संगीत कोणाचे हा प्रश्न पुष्कळदा अनुत्तरित राहतो. संश्लेषक (सिंथेसायझर) आणि तुकड्यातुकड्यांनी ध्वनिमुद्रण करण्याचे तंत्र आल्यावर, विशेषतः १९८० नंतर, मोठे वाद्यवृंद ओसरले. संयोजकांनी हाताने लिहिलेले स्वरलेख ध्वनिमुद्रणानंतर बहुधा जपले गेले नाहीत. त्यामुळे या परंपरेच्या अभ्यासकास ध्वनिमुद्रिका व वृद्ध वादकांच्या आठवणी यांवरच मुख्यतः विसंबावे लागले.