आपला पत्ता आपल्यालाच विचारावा लागतो

दोनेक वर्षांपूर्वीची गोष्ट. शिष्यवृत्तीच्या अर्जांसाठी आमच्या शाळेच्या संगणकाला एका संकेतस्थळावर परवानगी हवी होती. तिकडून संगणकाचा आयपी पत्ता मागितला. मी पडद्यावर पाहून १९२.१६८.१.७ लिहून पाठवला. उत्तर आलं, "हा तुमचा पत्ता नाही." दोन दिवस त्यातच गेले, मुदत जवळ आली. शेवटी अभियांत्रिकी शिकणाऱ्या माजी विद्यार्थ्याला फोन केला. तो म्हणाला, "सर, पत्ता खरा आहे, पण घरातल्या घरातला." अर्ज कसेबसे शेवटच्या दिवशी गेले. त्याच्या त्या वाक्यामागचा इतिहास मी नंतर वाचला.

१ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतल्या आर्पानेटनं टीसीपी/आयपी ही पद्धत स्वीकारली. त्याच वर्षी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले इथून ४.२ बीएसडी ही युनिक्सची आवृत्ती निघाली आणि तिच्यातून 'सॉकेट' सर्वदूर पोहोचलं. सॉकेट म्हणजे दोन प्रोग्रामांच्या संभाषणाचं एक टोक. त्यासोबत दोन छोटे प्रश्न आले. 'गेटपीअरनेम' विचारतं, समोरचा कोण? 'गेटसॉकनेम' विचारतं, मी कोण?

स्वतःचा पत्ता विचारायची वेळ का यावी? एका संगणकाला अनेक पत्ते असू शकतात: प्रत्येक नेटवर्क कार्डाचा वेगळा, शिवाय स्वतःशीच बोलायचा १२७.०.०.१. जोडणी करताना प्रोग्रामनं पत्ता ठरवून दिला नाही, तर कर्नल वाट पाहून योग्य तो पत्ता निवडतो आणि एक मोकळा पोर्ट क्रमांकही देतो. प्रोग्रामला ते आपोआप कळत नाही, विचारावं लागतं. जोडणीआधीच विचारलं, तर बहुधा ०.०.०.० एवढंच उत्तर मिळतं, म्हणजे अजून काही ठरलेलं नाही.

त्या काळी मिळालेला पत्ता बहुतेक वेळा जगालाही चालत असे. फाइल पाठवणारी एफटीपी ही पद्धत त्याच भरवशावर उभी होती. ग्राहक प्रोग्राम आपला पत्ता विचारून घ्यायचा, सर्व्हरला कळवायचा आणि सर्व्हर त्या पत्त्यावर उलट जोडणी करायचा.

पण ३२ बिटांत जेमतेम ४२९ कोटी पत्ते मावतात. ते पुरणार नाहीत हे दिसू लागलं, तेव्हा १९९४ मध्ये पत्ते बदलून देणाऱ्या 'नॅट'चा आराखडा प्रसिद्ध झाला. १९९६ च्या दस्तऐवजात १९२.१६८ नं सुरू होणाऱ्या पत्त्यांसह तीन गट खासगी वापरासाठी नमूद झाले. आता एका राउटरमागे शंभर संगणक बसू शकत होते आणि बाहेर सगळ्यांचा पत्ता एकच दिसत होता.

इथे जुना भरवसा मोडला. एफटीपी आपला घरातला पत्ता इमानदारीनं कळवायची आणि सर्व्हरला तो सापडायचा नाही. राउटरला मजकुरातला पत्ताही बदलून द्यावा लागला. मी केलेली चूक नेमकी तीच होती! २००३ मध्ये 'स्टन' ही पद्धत आली. तिचा मार्ग साधा आहे: बाहेरच्या सर्व्हरलाच विचारायचं, "मी तुला कोणत्या पत्त्यावरून दिसतो?"

उर्दूत 'पता' म्हणजे ठिकाणा आणि माहितीही. मराठीतही एखाद्या गोष्टीचा 'पत्ता लागतो'. आमच्या सरोवराची नोंद जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्यानं १८२३ मध्ये केली आणि बाहेरच्या जगाच्या पुस्तकांत तोच त्याचा 'शोध' ठरला. लोणारचा उल्लेख त्याआधी आईने-अकबरीत आहे आणि काठावरची मंदिरं तर त्याहून जुनी. दोन्ही नोंदी खऱ्याच. एक आतली, एक बाहेरची.

गेटसॉकनेम खोटं बोलत नाही. ते फक्त आतलं उत्तर देतं. वर्गात आता मी मुलांना हेच सांगतो: पत्ता लिहिण्याआधी विचारा, तो कुणाला हवाय?