नागपूरहून इंदूर, मुंबईहून नागपूर

खेळाडूनें आपला संघ सोडणें ही गोष्ट वरवर पाहतां अगदीं किरकोळ वाटते. कारकून एक कचेरी सोडून दुसरींत जातो, शिक्षक एका गांवची शाळा सोडून दुसऱ्या गांवीं जातो. त्याची कोणी फारशी वाच्यता करीत नाहीं. पण पंधरा-वीस वर्षें एकाच संघाची टोपी मिरविलेला मनुष्य ती टोपी उतरवून दुसऱ्याच्या दारीं जातो, तेव्हां घरोघर वाद सुरू होतात. कोणी त्याला कृतघ्न ठरवितो, कोणी संघाच्या चालकांना. जुन्या खेळाडूचें संघावर ऋण असतें, कीं संघाचें त्याच्यावर, हा या वादाचा गाभा होय. त्याचा निवाडा रागलोभावर सोडण्यापेक्षां इतिहासाला विचारावा हें बरें. या बाबतींत विदर्भाइतका बोलका इतिहास क्वचितच सांपडेल. कारण या प्रांतानें आपला सर्वांत थोर खेळाडू एकदां गमावला, आणि नव्वद-एक वर्षांनंतर दुसऱ्या प्रांताचा एक मुरलेला खेळाडू आपलासा केला.

प्रथम परदेशाकडे एक दृष्टिक्षेप टाकणें उपयोगाचें होईल. अमेरिकेंतील बेसबॉलच्या धंद्यांत खेळाडूचा करार ही संघाच्या मालकाची मिळकत समजली जाई. मालक तो करार दुसऱ्या संघाला देऊन बदल्यांत दुसरा खेळाडू घेई, आणि ज्याची अदलाबदल व्हावयाची त्याला विचारण्याचें कारण पडत नसे. १९६९ सालीं सेंट लुई संघानें कर्ट फ्लड या खेळाडूला असेंच फिलाडेल्फियाच्या संघाकडे देऊन टाकलें. बारा मोसम एका गांवीं खेळलेल्या फ्लडनें जाण्याचें नाकारलें आणि न्यायालयाची पायरी चढली. १९७२ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध तीन मतांनीं त्याच्याविरुद्ध निकाल दिला. तो हरला खरा, पण त्याच्या भांडणानें वारें फिरलें. १९७३ पासून असा नियम झाला कीं, दहा वर्षें या खेळांत आणि त्यांतील शेवटचीं पांच वर्षें एकाच संघांत काढलेल्या खेळाडूची बदली त्याच्या संमतीशिवाय करतां येऊं नये. जुनेपणाला कांहीं हक्क असतो, ही गोष्ट अशा रीतीनें कागदावर आली.

हिंदुस्थानांतील क्रिकेटची घडी निराळी. १९३४ सालीं रणजी करंडकाचे सामने सुरू झाले तेव्हां संघ प्रांतांचे आणि संस्थानांचे होते. खेळाडू विकत घेण्याची किंवा अदलाबदलीची चाल नव्हती. पण पोटाचा प्रश्न होताच. क्रिकेटवर कोणाचें घर चालत नसे. त्यामुळें ज्याच्या पदरीं नोकरी त्याचा संघ, हा अलिखित नियम झाला. राजेरजवाड्यांना खेळाची हौस, आणि खेळाडूंना आश्रयाची गरज. या दोहोंच्या मेळांतून त्या काळचीं मोठमोठीं स्थलांतरें घडलीं.

त्यांपैकीं पहिलें आणि सर्वांत गाजलेलें स्थलांतर नागपूरचें. कोट्टारी कनकैया नायडू यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजीं नागपुरांत झाला. शिक्षण तेथेंच हिस्लॉप संस्थेंत झालें. १९१६ सालीं मुंबईच्या चौरंगी सामन्यांत हिंदूंच्या बाजूनें ते प्रथम उतरले आणि धांवांचें खातें त्यांनीं षट्कारानें उघडलें. पुढें कैक वर्षें लोक त्यांचे षट्कार पाहण्यासाठीं कामधंदा टाकून मैदानावर जमत. १९२३ सालीं इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर यांनीं त्यांना बोलावून घेतलें आणि सैन्यांत कॅप्टनचा हुद्दा दिला. सत्ताविसाव्या वर्षीं नायडू नागपूर सोडून इंदूरला गेले, ते कायमचे. १९२६ च्या डिसेंबरांत मुंबईस पाहुण्या इंग्रज संघाविरुद्ध त्यांनीं ११ षट्कारांसह १५३ धांवा काढल्या. १९३२ सालीं लॉर्ड्सच्या मैदानावर हिंदुस्थानच्या पहिल्या कसोटी सामन्यांत संघाचें नेतृत्व त्यांनींच केलें. जगानें त्यांना ओळखलें तें इंदूरचे नायडू म्हणून.

इंदूरनें या आश्रयाचें फळ भरपूर चाखलें. होळकर संघानें आपल्या चौदा वर्षांच्या आयुष्यांत चार वेळां रणजी करंडक जिंकला आणि सहा वेळां अंतिम सामन्यांत हार पत्करली. १९५२-५३ च्या विजयाच्या वेळीं कप्तान नायडूंचें वय सत्तावन्न होतें. मुश्ताक अली इंदूरचेच. पण चंदू सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर असे बाहेरून आलेले खेळाडूहि त्या छत्राखालीं एकत्र झाले. बडोद्याची गोष्ट वेगळी नव्हती. सांगलीस जन्मलेल्या विजय हजाऱ्यांनीं १९३९-४० मध्यें महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धांवा केल्या होत्या. पुढें तेच हजारे बडोद्याच्या नोकरींत गेले आणि १९४६-४७ च्या अंतिम सामन्यांत त्यांनीं गुल महंमदबरोबर होळकर संघाविरुद्ध ५७७ धांवांची भागीदारी रचली. या मंडळींना कोणी बेइमान म्हटलें नाहीं. ज्या घरानें अन्न दिलें त्या घरासाठीं त्यांनीं घाम गाळला, इतकाच सरळ हिशेब होता.

पण हिशेबाची दुसरी बाजूहि होती, आणि ती नागपूरच्या पदरांत पडली. ज्या प्रांतांत नायडूंसारखा पुरुष निपजला, त्या प्रांताजवळ त्याला ठेवून घेण्याचें साधन नव्हतें. पुढें संस्थानें गेलीं, राज्यांची पुनर्रचना झाली, आणि १९५७-५८ पासून विदर्भ या नांवानें नवा संघ रणजीच्या मैदानांत उतरला. बुलढाण्यापासून गडचिरोलीपर्यंतचा प्रदेश त्याच्या पाठीशीं. यवतमाळ जिल्ह्याच्या टोंकाला, तेलंगणाच्या सीमेजवळ वसलेलें झरी-जामणी तालुक्यांतील मुकुटबन घ्या. कापसाचीं शिवारें आणि अलीकडे सुरू झालेला सिमेंटचा कारखाना ही त्याची ओळख. अशा गांवच्या मुलानें मोठ्या क्रिकेटचें स्वप्न पाहिलें तर त्याची वाट नागपूरवरूनच जावयाची. आणि साठ वर्षें ती वाट फारशी कोठें पोंचत नव्हती. तोंपर्यंत विदर्भाचा संघ एकदांहि अंतिम सामन्यांत गेला नव्हता. गुणांचा दुष्काळ होता असें म्हणतां येणार नाहीं. कोळशाच्या खाणींतील कामगाराचा मुलगा उमेश यादव २०११ सालीं विदर्भाच्या संघांतून थेट कसोटी सामन्यांत पोंचला. उणीव होती ती जिंकण्याच्या संवयीची. आणि ती पुस्तकांतून शिकतां येत नाहीं.

ही संवय ज्यांच्या अंगीं भिनलेली होती अशांपैकीं एक म्हणजे मुंबईचे वासीम जाफर. बसचालकाच्या घरीं १९७८ सालीं जन्मलेल्या या फलंदाजानें १९९६-९७ च्या मोसमांत, आपल्या दुसऱ्याच प्रथम दर्जाच्या सामन्यांत, सौराष्ट्राविरुद्ध राजकोटला नाबाद ३१४ धांवा केल्या. ३१ कसोटी सामन्यांत त्यांनीं पांच शतकें काढलीं, त्यांत वेस्ट इंडिजविरुद्ध अँटिग्वाला २१२ आणि पाकिस्तानविरुद्ध कलकत्त्यास २०२. २००८ नंतर कसोटीचें दार बंद झालें. त्यांनीं खंत केली असेल, परंतु बॅट खालीं ठेविली नाहीं. २००८-०९ आणि २००९-१० या लागोपाठ दोन वर्षीं कप्तान म्हणून त्यांनीं मुंबईला करंडक मिळवून दिला. मुंबईच्या आठ विजयांत त्यांचा वांटा होता.

असा मनुष्य २०१५ सालीं, वयाच्या सदतिसाव्या वर्षीं, एकोणीस मोसमांनंतर मुंबई सोडून विदर्भाकडे आला. आतां राजाश्रयाचा काळ उरला नव्हता. आजच्या पद्धतींत खेळाडूनें आपल्या जुन्या मंडळाकडे नाहरकतीचा दाखला मागावयाचा, आणि तो हातीं पडल्यावर दुसऱ्या मंडळाशीं करार करावयाचा. कोणत्याहि संघाला असे बाहेरचे खेळाडू तीनांहून अधिक घेतां येत नाहींत. म्हणजे अमेरिकेंत मालक खेळाडूला पाठवी, येथें खेळाडू आपण होऊन निरोप मागतो. तथापि निरोप देणें न देणें जुन्या घराच्या हातीं असतें, हें विसरतां येणार नाहीं. मुंबईत तरुण फलंदाजांची रांग कधींच संपत नाहीं; तेथें वडीलधाऱ्यानें जागा अडवून बसावें किंवा मोकळी करावी, एवढाच प्रश्न होता. जाफर गेले त्याच मोसमांत, २०१५-१६ मध्यें, मुंबईनें सौराष्ट्राला हरवून पुन्हां करंडक जिंकला. जुन्या घराचें कांहीं अडलें नाहीं.

नव्या घरचा प्रश्न अधिक नाजूक होता. अकरांच्या संघांत बाहेरचा एक आला म्हणजे आंतला एक बाहेर बसतो. मुकुटबनच्या किंवा पुसदच्या एखाद्या बापानें विचारलें असतें कीं, मुंबईनें वापरून झालेल्या फलंदाजासाठीं आमच्या पोराची जागा कां द्यावी, तर त्या प्रश्नाला तोंड देणें सोपें नव्हतें. पहिल्या दोन वर्षांनीं तर उत्तर आणखीच अवघड केलें. २०१६-१७ चा सबंध मोसम जाफर दुखापतीमुळें खेळूं शकले नाहींत. त्यानंतर जें घडलें त्यावरून या मनुष्याची पारख होते. २०१७-१८ च्या मोसमांत ते करारी मानधन न घेतां विदर्भासाठीं खेळले. नोकरीचा संबंध संपला होता आणि आपलेपणाचा सुरू झाला होता, असें येथें म्हटल्यास चूक होणार नाहीं.

त्याच मोसमांत चंद्रकांत पंडित हे विदर्भाचे मार्गदर्शक म्हणून आले. हेहि मूळचे मुंबईचे, आणि खेळाडू असतांना स्वतः मुंबई सोडून मध्य प्रदेशाकडे गेलेले. १९९८-९९ मध्यें त्या संघाला अंतिम सामन्यापर्यंत नेऊन हरलेले. कप्तान होता नागपूरचा फैज फजल. कलकत्त्यांतील उपांत्य सामन्यांत रजनीश गुरबानीच्या गोलंदाजीनें कर्नाटकाला अवघ्या पांच धांवांनीं नमविलें. अंतिम सामना दिल्लीशीं, आणि स्थळ? इंदूर. होळकरांचें नांव धारण करणारें तेथील मैदान! दिल्लीच्या २९५ धांवांत गुरबानीनें सहा बळी घेतले, त्यांत सलग तीन चेंडूंवरील तीन बळी होते. विदर्भानें ५४७ धांवा केल्या. अक्षय वाडकर या तरुणानें १३३ काढल्या, जाफर यांनीं ७८. १ जानेवारी २०१८ रोजीं नऊ गडी राखून विदर्भानें पहिला करंडक जिंकला, त्या क्षणीं खेळपट्टीवर जाफर उभे होते. ज्या इंदुरानें १९२३ सालीं नागपूरचा पुत्र नेला, त्याच इंदुरांत नागपूरच्या पदरीं हें माप पडलें.

यापुढील कथा थोडक्यांत सांगतां येईल. मार्च २०१८ मध्यें चाळिशी ओलांडलेल्या जाफर यांनीं इराणी करंडकाच्या सामन्यांत शेष भारताविरुद्ध २८६ धांवा केल्या. पुढील मोसमांत त्यांच्या १,०३७ धांवा झाल्या, आणि फेब्रुवारी २०१९ मध्यें आदित्य सरवटेच्या अकरा बळींच्या जोरावर विदर्भानें सौराष्ट्राला ७८ धांवांनीं हरवून करंडक राखला. रणजी सामन्यांत बारा हजार धांवांचा टप्पा ओलांडणारे पहिले फलंदाज होऊन मार्च २०२० मध्यें जाफर निवृत्त झाले. पण त्यांच्या जाण्यानें विदर्भाचा संघ कोसळला नाहीं, ही खरी महत्त्वाची गोष्ट. २०२३-२४ मध्यें तो पुन्हां अंतिम सामन्यांत पोंचून मुंबईकडून हरला. २०२४-२५ मध्यें उपांत्य सामन्यांत त्यानें मुंबईचाच पराभव केला आणि नंतर केरळावर पहिल्या डावाच्या आघाडीनें तिसरा करंडक मिळविला. त्या विजयांत कर्नाटक सोडून आलेल्या करुण नायरचें शतक होतें. पण त्या मोसमांतले ६९ बळी होते घरच्या हर्ष दुबेचे. पाहुणा आणि यजमान यांचें तें प्रमाण पुष्कळ कांहीं सांगून जातें.

तेव्हां मूळ प्रश्नाचें उत्तर काय? नायडूंचें जाणें आणि जाफर यांचें येणें यांत एक भेद आहे. नायडू भर उमेदींत गेले, आणि इंदूरचें भाग्य उजळलें तरी नागपूर रितें झालें. जाफर उतरत्या वयांत आले. जेथें त्यांची जागा घेणारे अनेक होते तेथून निघाले, आणि जेथें त्यांच्यासारखा कोणी नव्हता तेथें गेले. पहिल्या घराचें नुकसान झालें नाहीं, दुसऱ्याचें कल्याण झालें. जुन्या खेळाडूच्या स्थलांतराची हीच कसोटी मानावी. तो मागें काय ठेवून जातो आणि पुढें काय घेऊन जातो, हें पाहावें. नुसत्या टोपीच्या रंगावरून निष्ठा मोजूं नये. नायडू स्वतः होळकर संघानंतर आंध्राकडून खेळले, आणि १९५६-५७ मध्यें एकसष्टाव्या वर्षीं उत्तर प्रदेशाकडून. तरी त्यांच्या खेळावरील निष्ठेविषयीं कोणाला कधीं शंका आली नाहीं.

राहिला मुकुटबनच्या त्या बापाचा प्रश्न. पाहुण्यासाठीं अडलेल्या एका जागेची किंमत खरी असते, ती नाकारूं नये. परंतु पाहुण्यानें जातांना घरांत जिंकण्याची संवय ठेविली, तर ती जागा व्याजासह परत येते. विदर्भाला ती परत आलेली आहे. अट एकच, आणि ती नागपुरांतील मंडळींनीं विसरूं नये: जी वाट आतां करंडकापर्यंत पोंचते, ती मुकुटबनपासून सुरू होईल इतकी लांब केली पाहिजे. नाहींतर एखादा नवा नायडू पुन्हां दुसऱ्याच्या दारीं जाईल, आणि त्या वेळीं दोष त्याचा नसेल.