एकट्याचा वाद्यवृंद : रेमो फर्नांडिस यांचा 'गोअन क्रेझी' (१९८४)

गोव्याच्या संगीतेतिहासाचा अभ्यास सामान्यतः चर्चमधील गायन, मांडो-देखणीसारखे गीतप्रकार, देवळांशी निगडित घराण्यांतून उदयास आलेली अभिजात गायकी आणि मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील गोमंतकीय वादकांची कामगिरी या अंगांनी केला जातो. बार्देश तालुक्यातील शिवोली येथे एका राहत्या घरात ध्वनिमुद्रित झालेली व १९८४ साली प्रसिद्ध झालेली इंग्रजी गीतांची एक कॅसेट यांपैकी कोणत्याच सदरात बसत नाही. त्यामुळे रेमो फर्नांडिस यांच्या 'गोअन क्रेझी'ची नोंद बहुधा लोकप्रिय संगीतातील एक चमत्कारिक घटना म्हणून होते आणि चर्चा तेथेच थांबते. वास्तविक या कॅसेटचे महत्त्व चमत्कारात नाही. गोमंतकीय वादकाचे आपल्या नावाशी असलेले नाते तिने पालटले, यात ते आहे.

हे नाते समजण्यासाठी थोडे मागे जाणे आवश्यक आहे. पोर्तुगीज अमदानीत चर्चला जोडलेल्या पाठशाळांतून मुलांना स्वरलिपी वाचण्याचे व व्हायोलिनसारखी वाद्ये वाजविण्याचे शिक्षण मिळत असे. या शिक्षणाला गोव्यात पुरेसा रोजगार नव्हता. तो मुंबईत होता. प्रथम मोठ्या हॉटेलांतील नृत्यसंगीताच्या बँडांत आणि पुढे बोलपटांच्या वाद्यवृंदांत गोमंतकीय वादक मोठ्या संख्येने दाखल झाले. शंकर-जयकिशन यांच्या संगीताची वाद्यवृंदरचना सेबास्टियन डिसोझा करीत, सी. रामचंद्र यांना चिक चॉकलेट या नावाने प्रसिद्ध असलेल्या अँटोनियो झेवियर वाझ यांचे साहाय्य लाभले. परंतु तबकडीवर नाव येई ते संगीतदिग्दर्शकाचे. माजोर्डे येथील अँथनी गोन्सालविस यांनी प्यारेलाल यांना व्हायोलिनचे धडे दिले. ते नाव भारतभर दुमदुमले ते मात्र १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तील एका विनोदी गीतात, आणि तेही नायकाचे नाव म्हणून. शिष्याने वाहिलेली ती गुरुदक्षिणा होती हे खरे, पण या व्यवस्थेवर याहून बोलके भाष्य शोधूनही सापडणार नाही.

रेमो फर्नांडिस यांचा जन्म ८ मे १९५३ रोजी पणजीत झाला. १९६१ च्या डिसेंबरात पोर्तुगीज सत्ता संपुष्टात आली तेव्हा ते आठ वर्षांचे होते. म्हणजे त्यांच्या पिढीचे बालपण एका राजवटीत आणि तारुण्य दुसऱ्या राजवटीत गेले. रॉक संगीत त्यांच्यापर्यंत पोहोचले ते पाठशाळेतून नव्हे, तर परदेशाहून आलेल्या तबकड्यांतून. शालेय वयात त्यांनी मित्रांसह 'द बीट ४' हा बँड काढला. पुढे मुंबईत वास्तुशास्त्राचे शिक्षण घेत असता ते 'द सॅव्हेजेस' या नामांकित बँडमध्ये सामील झाले. त्या काळातील भारतीय रॉक बँडांचा बराचसा वेळ ब्रिटन-अमेरिकेतील गाणी हुबेहूब वाजविण्यात जाई, कारण श्रोत्यांची मागणीच तशी होती. म्हणजे नृत्याच्या बँडमधील वडीलधाऱ्या वादकाप्रमाणे येथेही दुसऱ्याचेच संगीत वाजवावयाचे होते. फरक इतकाच, की आता ते स्वखुशीने वाजविले जात होते. शिक्षणानंतर रेमो यांनी युरोप व उत्तर आफ्रिकेत भ्रमंती केली आणि ते गोव्यास परतले. स्वतः रचलेल्या इंग्रजी गीतांस मुंबईच्या ध्वनिमुद्रिका कंपन्यांकडून प्रतिसाद मिळेना, तेव्हा त्यांनी घरीच ध्वनिमुद्रण करण्याचे ठरविले.

बँड सोडून स्वतंत्र संग्रह काढणे ही पाश्चात्त्य रॉकमधील परिचित घटना होय. बीटल्स विखुरल्यावर १९७० साली त्याची दोन परस्परविरुद्ध उदाहरणे घडली. जॉर्ज हॅरिसन यांनी 'ऑल थिंग्ज मस्ट पास' या तीन तबकड्यांच्या संग्रहासाठी वादकांचा मोठा ताफा जमविला. पॉल मॅकार्टनी यांनी 'मॅकार्टनी' या संग्रहाचा बराचसा भाग घरी, चार पट्ट्यांच्या यंत्रावर, सर्व वाद्ये आपणच वाजवून मुद्रित केला. रेमो यांचा मार्ग उघडच दुसऱ्या प्रकारचा आहे. परंतु मॅकार्टनी यांच्या एकांतामागे जगातील सर्वांत यशस्वी बँडची कीर्ती व मोठ्या कंपनीची विक्रीव्यवस्था उभी होती. रेमो यांचा एकांत हा नाइलाजातून आलेला होता. या दोहोंस एकाच 'सोलो' शब्दाने संबोधणे सोयीचे असले तरी इतिहासदृष्ट्या दिशाभूल करणारे आहे.

हा नाइलाज फलदायी ठरला तो एका यंत्रामुळे. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये आणलेली छोटी कॅसेट आरंभी केवळ ऐकण्याचे व साधे ध्वनिमुद्रण करण्याचे साधन होती. १९७९ मध्ये टिॲक कंपनीने 'पोर्टास्टुडिओ' हे यंत्र बाजारात आणले आणि साध्या कॅसेटवर चार स्वतंत्र पट्टे एकामागून एक मुद्रित करणे घरबसल्या शक्य झाले. ब्रूस स्प्रिंगस्टीन यांचा १९८२ चा 'नेब्रास्का' अशाच यंत्रावर मुद्रित झाला. याची कार्यपद्धती लक्षात घेण्याजोगी आहे. तीन पट्ट्यांवर, समजा, ताल, गिटार व एक आवाज भरला, की ते तिन्ही एकत्र करून चौथ्यावर उतरवावयाचे. मग पहिले तीन पुसून त्यांवर नवे वादन करावयाचे. प्रत्येक उतरणीत फितीची खरखर वाढते, आणि एकदा मिसळलेले ध्वनी पुन्हा वेगळे करता येत नाहीत. म्हणजे पाचवे वाद्य वाजविण्यापूर्वीच पहिल्या तिघांचा तोल कायमचा ठरवावा लागतो. गीतकार, गायक, सर्व वाद्यांचा वादक आणि ध्वनिमुद्रक एकच असल्याने हे निर्णय रेमो यांनी एकट्याने घेतले. वाद्यवृंदातील वादकांत परस्परांच्या लयीला मिळणारा जो प्रतिसाद असतो, तो अशा पद्धतीत मिळत नाही. ही उणीव मान्य केलीच पाहिजे. तिच्या मोबदल्यात मिळाली ती एक घरगुती, किंचित खडबडीत आणि संपूर्णपणे स्वतःची अशी बोली.

शीर्षकातच ती बोली ऐकू येते. 'गोअन' म्हणजे गोव्याचा. पण इंग्रजी कानाला तेथे 'गोइंग'चा भास होऊन 'वेडे होत चाललेला' असा अर्थ निघतो. गोव्याबद्दलची गाणी गोमंतकीय उच्चाराच्या इंग्रजीत, पाश्चात्त्य गायकाची नक्कल न करता गाणे हीच येथील नवी गोष्ट होती. येथे एक अवघड प्रश्न उपस्थित होतो. ही कॅसेट निघाली त्याच सुमारास गोव्यात कोकणी की मराठी हा वाद शिगेला पोहोचत होता. ४ फेब्रुवारी १९८७ रोजी राजभाषा विधेयक संमत झाले व ३० मे १९८७ रोजी गोवा घटकराज्य बनले. अशा काळात इंग्रजीतील गाण्यास गोमंतकीय संस्कृतीचा आविष्कार मानावे काय? दोन्ही पक्षांच्या दृष्टीने ते उपरेच होते. तथापि भाषेवरूनच संस्कृतीची हद्द आखावयाची ठरविल्यास पोर्तुगीज गीते आणि लॅटिन प्रार्थनाही वगळाव्या लागतील, आणि मग गोव्याच्या संगीतात उरणारा भाग फारच तोकडा असेल. शिवाय लगेच १९८५ मध्ये 'ओल्ड गोअन गोल्ड' या कॅसेटद्वारे रेमो जुन्या गोमंतकीय गाण्यांकडे वळले, ही वस्तुस्थितीही उपरेपणाच्या आरोपास पुष्टी देत नाही.

कॅसेटचे मुखपृष्ठही रेमो यांनीच तयार केले, आणि आपल्या पिवळ्या स्कूटरवरून दुकानोदुकानी जाऊन त्यांनी ती विक्रीस ठेवली. ही हकीकत नेहमी कौतुकाने सांगितली जाते, पण तिचा अर्थ आर्थिक आहे. तबकडी काढावयास कारखाना लागे व भारतात त्या धंद्यावर ग्रामोफोन कंपनीचे दीर्घकाळ वर्चस्व होते. कॅसेटच्या प्रती मात्र थोड्या भांडवलात काढता येत. याच दशकात महाराष्ट्रातील लोकगीते, भीमगीते व भक्तिगीते यांनाही कॅसेटने गावोगाव पोहोचविले. शिवोलीची कॅसेट या व्यापक स्थित्यंतराचाच एक भाग होय.

पुढे श्याम बेनेगल यांच्या 'त्रिकाल' (१९८५) व पंकज पराशर यांच्या 'जलवा' (१९८७) या चित्रपटांमुळे रेमो यांचा आवाज गोव्याबाहेर गेला; १९८६ मध्ये 'पॅक दॅट स्मॅक' व १९८७ मध्ये 'बॉम्बे सिटी' हे संग्रह निघाले आणि ज्या कंपन्यांचे दरवाजे बंद होते त्याही त्यांच्याकडे येऊ लागल्या. २००७ मध्ये त्यांना 'पद्मश्री' मिळाली. मोठ्या रंगमंचावर मात्र चार पट्ट्यांचे यंत्र पुरेसे नव्हते. तेथे त्यांना पुन्हा बँड उभारावा लागला, त्याचे नाव 'मायक्रोवेव्ह पापडम्स'; आणि एका माणसाने घरात एकामागून एक वाजविलेले संगीत निरनिराळे वादक एकाच वेळी वाजवू लागले.