हवा आणि पेट्रोल यांचा मेळ

मोटारीच्या एंजिनाची थोरवी पुष्कळांनीं वर्णिली आहे. परंतु त्या एंजिनाचा घास कालवून देणारा जो कारब्युरेटर, त्याची वास्तपुस्त सहसा कोणी करीत नाहीं. वस्तुतः मोटारीचा इतिहास हा बऱ्याच अंशीं प्रमाण साधण्याचा इतिहास आहे, असें आम्हांस वाटतें.

पेट्रोल हवेंत मिसळल्यावांचून एंजिन चालत नाहीं. वजनानें एक भाग पेट्रोलास सुमारें पंधरा भाग हवा लागते. हवा वाढली कीं एंजिन अडखळतें. पेट्रोल वाढलें कीं काळा धूर ओकतें. कार्ल बेंझनें १८८६ सालीं पेटंट मागितलेल्या तीनचाकी गाडींत इंधनाच्या पृष्ठभागावरून हवा नेऊन त्याची वाफ उचलण्याची योजना होती. १८८८ च्या ऑगस्टांत त्याची पत्नी बर्था दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्ट्सहाइमला गेली, तेव्हां वाटेंत तिनें औषधाच्या दुकानांतून इंधन विकत घेतलें, आणि तुंबलेली इंधननळी टोपीच्या पिनेनें मोकळी केली. हें यंत्र जुळवून घेणाऱ्यांच्या परंपरेंत पहिलें नांव या बाईंचें घालावें!

१८९३ सालीं वाफेची जागा तुषारांनीं घेतली. बुडापेस्टमध्यें बांकी व चोंका यांनीं, आणि जर्मनींत मायबाखनें, ही युक्ति साधली. अरुंद गळ्यांतून हवा वेगानें जाऊं लागली कीं तेथील दाब उतरतो, व बारीक छिद्रांतून इंधन आपोआप ओढलें जातें. हें तत्त्व इटालियन शास्त्रज्ञ व्हेंचुरी यानें १७९७ सालींच प्रसिद्ध केलें होतें.

तथापि एकच ठरावीक गळा मंद व वेगवान अशा दोन्ही चालींस पुरेना. यावर १९०५ सालीं इंग्लंडांत स्किनरनें तोड काढली. गळा एंजिनाच्या मागणीप्रमाणें स्वतःच उघडावा, आणि त्याबरोबर एक निमुळती सुई वर उचलली जाऊन इंधनाची वाटही तितकीच रुंद व्हावी, अशी ती रचना. स्किनरांचें घराणें पादत्राणांच्या व्यापारांतलें. पहिल्या नमुन्यांत हें काम चामड्याचा भाता करी, पुढें धातूचा दट्ट्या आला. हाच तो एस. यू. कारब्युरेटर. १९२६ सालीं विल्यम मॉरिसनें ती कंपनी घेतली.

तो जुळवण्याची रीत मोठी बोधप्रद आहे. प्रथम प्लग व ठिणगीची वेळ तपासावी, कारण दोष पुष्कळदां तेथेंच असतो. मग तापलेलें एंजिन संथ चालूं देऊन दट्ट्या इंचाचा बत्तिसावा भाग उचलावा आणि कान द्यावा. गति वाढून तशीच राहिली, तर पेट्रोल अधिक. एंजिन गळाठलें, तर कमी. क्षणभर किंचित् वाढून तें पूर्ववत् स्थिरावलें, कीं मेळ बसला. खालचा नट एका वेळीं एकच बाजू फिरवावा. घाई करूं नये.

पुढें धुरांतील विषारी वायूंवर निर्बंध आले, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस विजेच्या इंजेक्शननें कारब्युरेटरास नव्या मोटारींतून बाजूस सारलें. नवें साधन अधिक अचूक आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु त्यानें माणसाच्या कानास रजा दिली. जुनी मोटार जपणारा गृहस्थ रविवारीं सकाळीं बॉनेट उघडून उभा राहतो, तेव्हां तो केवळ हौस भागवीत नसतो. ऐकून दुरुस्त करण्याची एक विद्या तो जिवंत ठेवीत असतो.