रंगो बापूजींची विलायतेंतील वकिली

मराठी दरबारांचे वकील परमुलखीं राहून काय करीत, हें त्यांच्या अखबारांवरून पुष्कळ कळतें. परंतु धन्याची गादीच गेल्यावर वकिली कशी करावी, याचें ठळक उदाहरण रंगो बापूजी गुप्ते यांचें होय.

ता. २५ सप्टेंबर १८१९ च्या तहानें प्रतापसिंह महाराजांस साताऱ्याचें राज्य मिळालें. परराज्यांशीं परस्पर पत्रव्यवहार करूं नये, अशी त्यांत अट होती. पुढें गोव्याचे पोर्तुगीज व नागपूरचे पदच्युत आप्पासाहेब भोसले यांच्याशीं संधान आणि कंपनीच्या शिपायांस फितविणें, असे तीन आरोप महाराजांवर आले. गोव्याचा पत्रव्यवहार बनावट आहे, असें राजपक्षाचें म्हणणें होतें. मोहर दिसली कीं कागद अस्सल, असें मानणाऱ्या संग्राहकांनीं हें प्रकरण अवश्य वाचावें. ऑगस्ट १८३९ मध्यें गव्हर्नर सर जेम्स कारनॅक स्वतः साताऱ्यास आले. तहभंग कबूल करून सही दिल्यास गादी राहील, ही त्यांची अट. महाराजांनीं सही दिली नाहीं. उघड चौकशी मागितली. सप्टेंबरांत धाकटे बंधु आप्पासाहेब गादीवर आले, व महाराजांची रवानगी पुढें काशीस झाली.

ही चौकशीची मागणी घेऊन रंगो बापूजी १८५३ पर्यंत लंडनांत झगडले. जोसेफ ह्यूम आणि गुलामगिरीविरुद्धच्या चळवळींत नांवाजलेले जॉर्ज थॉम्प्सन यांनीं त्यांची बाजू उचलली. त्यांच्या मांडणींत एका पदच्युत राजावर दया करा, एवढेंच नव्हतें. तह दोन्ही पक्षांस बांधतो, व बलवान पक्षानें स्वतःच फिर्यादी आणि न्यायाधीश होऊं नये, हा तिचा गाभा होता. कंपनीवर कोरडे ओढण्यास हें प्रकरण या मंडळींस सोईचें होतें, हेंहि खरें; पण तेवढ्यानें मुद्दा लंगडा ठरत नाहीं. अडचण निराळीच होती. थॉम्प्सन यांस बोलावें लागे तें कंपनीच्या भागीदारांच्या सभेंत, म्हणजे प्रतिवादीच्याच ओसरीवर! ठराव फेटाळले गेले यांत नवल नाहीं.

१४ ऑक्टोबर १८४७ रोजीं महाराज काशीस वारले. ५ एप्रिल १८४८ रोजीं आप्पासाहेबहि निवर्तले. दत्तक नामंजूर करून डलहौसीनें राज्य खालसा केलें. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क व साताऱ्याचे रेसिडेंट बार्टल फ्रियर या दोघांनींहि खालसा करण्यास विरोध केला होता, आणि संचालकांपैकीं टकर यांनीं आपला भिन्नमतलेख नोंदविला. कंपनीचेच जबाबदार अधिकारी तहाची आठवण देत होते, यावरून थॉम्प्सन यांचें बोलणें केवळ सभागाजविणें नव्हतें, असें आमचें मत झालें आहे.

रंगो बापूजी रिकाम्या हातीं परतले. १८५७ च्या साताऱ्यांतील कटांत त्यांचा मुलगा सीताराम फांशीं गेला, व ते स्वतः नाहींसे झाले. विलायतेंत सादर झालेले इंग्रजी अर्ज छापील मिळतात. मराठी मसुदे वा घरगुती पत्रें ज्यांच्या दप्तरीं असतील, त्यांनीं तीं या अर्जांशीं ताडून पाहावींत. वकिलाचें स्वतःचें म्हणणें कोणतें व इंग्रज मित्रांनीं घातलेली भर कोणती, हें त्यावांचून वेगळें काढतां येणार नाहीं.