लाल खुणांचा मीटर

अकरा वर्षांपूर्वी तालुक्यातल्या एका स्मरणिकेत मी माझ्या मामांवर लेख लिहिला होता. भंडाऱ्यात मोटारसायकल दुरुस्तीचे त्यांचे छोटे दुकान होते. त्या लेखात एक वाक्य असे होते : 'मामांनी मोटारीचा आरपीएम मीटर बुलेटला कायमचा बसवला होता.' घरात लहानपणापासून हेच ऐकले होते, म्हणून लिहिले. ते वाक्य चुकीचे होते. ते चुकीचे कसे ठरले हे सांगताना आपल्याकडच्या मोटारसायकलींच्या ठिणगीचा थोडा इतिहासही सांगावा लागेल, कारण पुरावा तिथेच आहे.

मीटर आज माझ्या टेबलावर आहे. काळी तबकडी, पांढरा काटा, शून्यापासून ऐंशीपर्यंत आकडे. वाचलेला आकडा शंभराने गुणायचा. बनवणाऱ्याचे नाव पुसले गेले आहे. काचेवर लाल रंगाच्या बारीक खुणा आहेत. छापील दहापाशी २०, विसापाशी ४०, तिसापाशी ६०. त्यापुढे काच कोरी. स्मरणिकेच्या वेळीही मी या खुणा पाहिल्या होत्या आणि 'मामांचा काहीतरी हिशेब' म्हणून सोडून दिल्या होत्या. स्वतःला अभ्यासक म्हणवणाऱ्या माणसाला हे शोभत नाही, पण झाले खरे.

फेरे मोजण्याचे साधन मोटारीपेक्षा बरेच जुने आहे. यंत्राच्या फिरण्याचा वेग दाखवणाऱ्या उपकरणासाठी ब्रायन डॉन्किन या इंग्रज अभियंत्याला १८१० मध्ये लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सचे सुवर्णपदक मिळाले. जर्मनीत डिट्रिश उलहॉर्नने १८१७ मध्ये असेच साधन केले. ऑटो शुल्त्से याने १९०२ मध्ये चुंबकाच्या ओढीवर चालणाऱ्या वेगमापकाचे पेटंट घेतले. आपल्या गाड्यांचे केबलचे मीटर त्याच वंशातले. या साऱ्यांत एक गोष्ट समान होती. मीटर फिरणाऱ्या दांड्याला, म्हणजे शाफ्टला, जोडलेला असे. दांडा जितका फिरेल तितकेच तो सांगे.

विजेवर चालणारा मोटारीचा मीटर दांड्याला शिवतच नाही. तो ठिणग्या मोजतो. कॉइलमधून बॅटरीचा प्रवाह वाहत असतो. पॉइंट उघडला की तो एकदम तुटतो आणि प्लगवर ठिणगी पडते. त्याच क्षणी कॉइलच्या पॉइंटकडच्या टोकावर दोनशेहून अधिक व्होल्टचा झटका उमटतो. मीटरची सिग्नलची वायर तिथे जोडलेली असते. प्रत्येक झटक्याचा तो एका मापाचा ठोका करतो आणि अशा ठोक्यांची सरासरी काट्यावर दाखवतो. म्हणजे मीटरला कळतात त्या फक्त ठिणग्या. फेऱ्यांचा आकडा हा त्याचा अंदाज, आणि तो अंदाज तबकडी छापतानाच ठरून गेलेला असतो. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक मोटारीत इंजिनाच्या एका फेऱ्याला दोन ठिणग्या पडतात. मिनिटाला दोन हजार ठिणग्या आल्या की काटा एक हजारावर. काही मीटरांना चार, सहा, आठ सिलिंडरचा खटका असतो. मामांच्या मीटरला नाही. मागचे झाकण उघडून मी खात्री केली आहे.

आता हा मीटर एका सिलिंडरच्या मोटारसायकलीला जोडला तर? उत्तर गाडीवर अवलंबून आहे.

बुलेट ही फोर-स्ट्रोक. एन्फिल्ड इंडिया ही कंपनी १९५५ मध्ये मद्रासमध्ये उभी राहिली आणि लष्करापासून जमीनदारांपर्यंत सर्वांना तिने ही गाडी पुरवली. हिचा पॉइंट इंजिनाच्या निम्म्या गतीने फिरणाऱ्या दांड्यावर असे. दोन फेऱ्यांना एक ठिणगी. मोटारीचा मीटर हिच्यावर खऱ्या फेऱ्यांच्या एक चतुर्थांश दाखवणार. जावा आणि पुढची येझदी टू-स्ट्रोक. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून त्या तयार होऊ लागल्या आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. यांचा पॉइंट थेट क्रँकच्या टोकाला, त्यामुळे दर फेऱ्याला ठिणगी. मीटर निम्मे दाखवणार. एस्कॉर्ट्सची राजदूत १७५ हीही टू-स्ट्रोक, तिचाही हिशेब तोच.

मामांच्या खुणा दुपटीच्या आहेत, चौपटीच्या नाहीत. बुलेटवर छापील तीस म्हणजे बारा हजार फेरे. जी गाडी आपली पूर्ण ताकद ५६२५ फेऱ्यांना देते, तिचे बारा हजारांवर काय होईल हे कोणताही मिस्त्री सांगेल. येझदीला मात्र सहा हजारांची वरची खूण पुरून उरते.

दुपटीच्या इतरही वाटा तपासणे भाग होते. यामाहा आरएक्स १०० आणि हीरो होंडा सीडी १००, दोन्ही १९८५ च्या. याही गाड्या दर फेऱ्याला ठिणगी टाकतात. हीरो होंडा फोर-स्ट्रोक असूनही एक ठिणगी वाया घालवते. पण त्यांत पॉइंटच नाही, सीडीआय आहे. तिथे कॉइलवर येणारा झटका वेगळ्या जातीचा असतो, आणि पॉइंटसाठी केलेला मीटर त्यावर भलतेच वाचतो किंवा जळतो. राजदूत ३५० ला आरपीएम मीटर मुळातच होता, तिला दुसरा कशाला? तिची गंमत मात्र सांगण्यासारखी आहे. तिच्या दोन सिलिंडरांना दोन कॉइली आणि ठिणग्या अर्ध्या-अर्ध्या फेऱ्याच्या अंतराने. दोन्ही कॉइलींवरून एकेका डायोडमधून वायर घेऊन जोडली, तर मोटारीचा मीटर तिला चार सिलिंडरची मोटार समजून अचूक आकडा सांगतो.

मोटारीचे मीटर १२ व्होल्टचे, तर जुनी जावा-येझदी आणि जुनी बुलेट ६ व्होल्टच्या. ही अडचण मामांनी कशी सोडवली असेल ते मला करून पाहायचे होते. साकोलीजवळच्या एका परिचितांकडे पॉइंटची येझदी अजून चालू आहे. मीटरला वेगळी मोटारीची बॅटरी दिली, तिचे ऋण टोक गाडीच्या सांगाड्याला आणि सिग्नलची वायर कॉइलला. (आधी गाडीचे अर्थिंग कोणते ते पाहिले, जुन्या इंग्रजी वळणाच्या गाड्यांत धन टोक अर्थला असे आणि तिथे नुसत्या घाईने मीटर जातो.) डायनॅमोचे झाकण काढून फिरत्या भागावर चमकता कागद चिकटवला आणि हातातल्या लेझर मीटरने फेरे वाचले. काटा दहावर असताना लेझर मीटर दोन हजारांच्या अल्याडपल्याड. विसावर, चार हजारांच्या. लाल खुणा बरोबर होत्या. मग एका १२ व्होल्टच्या पॉइंटवाल्या बुलेटला तोच मीटर जोडला. स्लोवर काटा दोन आणि तीनच्या मध्ये थरथरत राहिला. रेस देऊनही तो दहाच्या पुढे नेण्याचे धाडस ना मालकाने केले ना मी.

दुकानात असा मीटर कशाला लागे, हेही तेव्हा उमगले. बोअर करून नवा पिस्टन टाकलेली टू-स्ट्रोक गाडी पहिले काही दिवस फार रेस केली की जाम होते. 'सावकाश चालव' असे गिऱ्हाइकाला नुसते सांगून भागत नाही. सावकाश म्हणजे किती, ते त्याला काट्यावर दाखवून आवाज कानात बसवून द्यावा लागतो. पुढे १९८२ मध्ये जवळच गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना आला आणि ट्रकांची वर्दळ वाढली. पण डिझेल इंजिनात ठिणगीच नाही, तेव्हा ट्रकवाल्यांना या मीटरचा उपयोग शून्य.

हे सगळे घेऊन मी मामींकडे गेलो. त्यांना ऐकू कमी येते, आठवण पक्की आहे.

"मामी, मामांनी बुलेटला मीटर लावला होता ना?"

"लावला होता ना बाप्पा. येझदीले लावे, राजदूतले लावे. फळीवर ठोकला होता तो, दोन चिमटे होते त्याले. ज्याची गाडी आली त्याले लावून पाहे, मंग काढून ठेवे. बुलेट दोन-चारच येत. आपल्या घरी काहून बुलेट राहीन?"

'लावला' या एका क्रियापदाने आम्हा भाचरांना इतकी वर्षे चकवले होते. मिस्त्री मीटर लावतो तो घटकाभर, तपासण्यासाठी; आम्ही तो कायमचा बसवला. बुलेट मोठी गाडी, म्हणून घरच्या गोष्टीत तीच तेवढी उरली. ज्यांच्यासाठी काचेवर खुणा केल्या होत्या त्या दूधवाल्यांच्या नि मास्तरांच्या गाड्या गळून गेल्या, आणि माझ्या लेखातूनही गळल्या. स्मरणिकेच्या मंडळींना मी दुरुस्ती कळवली. पुन्हा छापणार नाही म्हणाले, म्हणून ती इथे देत आहे.

बुलेटसाठी चौपटीचा हिशेब मामांनी कुठे टिपला असेल तर तो फळीवर असेल, असे वाटून मी मामींना फळीचे विचारले.

"ते गेली चुलीत," त्या म्हणाल्या. "एका पावसाळ्यात काड्या साऱ्या ओल्या होत्या."