सव्वीस भागांचा समाजसेवक

मराठीत ‘समाजसेवक’ हा शब्द आता फ्लेक्सवर राहायला गेला आहे. मधोमध हात जोडलेला माणूस, नावाआधी ‘युवा नेते, समाजसेवक’ आणि खाली शुभेच्छुकांचे गोल गोल फोटो. त्यामुळे ज्याने या कामाचं रीतसर शिक्षण घेतलंय, ज्याला महिन्याचा पगार मिळतो, जो रोज सकाळी ऑफिसात येऊन आदल्या दिवशीच्या फायली पुन्हा उघडतो, असा सोशल वर्कर आपल्या डोळ्यांसमोर पटकन येत नाही. त्याच्यावर कुणी टीव्ही मालिका काढेल, हे तर त्याहून अवघड.

अमेरिकेत ती निघाली होती. १९६३ साली. तेव्हा मुंबईत टीव्ही यायला अजून नऊ वर्षं होती.

सप्टेंबर २०२४मध्ये जेम्स अर्ल जोन्सचं निधन झालं. ‘स्टार वॉर्स’मधल्या डार्थ व्हेडरचा आणि ‘लायन किंग’मधल्या मुफासाचा आवाज तो हाच. या माणसाने तरुणपणी काय काय केलं ते शोधताना मी ‘ईस्ट साइड/वेस्ट साइड’ या मालिकेपर्यंत पोचलो. जोन्स तिच्यात फक्त एका भागापुरता आहे. पण तो एक भाग पाहिल्यावर उरलेल्यांबद्दल वाचल्याशिवाय राहवलं नाही.

पगारी सेवक

आधी त्या पेशाबद्दल थोडं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत ‘सेटलमेंट हाउस’ नावाचा प्रकार रुजला. शिकलेल्या लोकांनी गरीब वस्तीतच राहायला जायचं आणि तिथूनच काम करायचं. शिकागोत जेन अ‍ॅडम्सचं हल हाउस १८८९चं, न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमधलं लिलियन वाल्डचं काम १८९३चं. पुढे याचा अभ्यासक्रम झाला, पदव्या आल्या, नोकऱ्या आल्या. हा धागा थेट मुंबईपर्यंत येतो. अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी १९२०च्या दशकात नागपाड्यात ‘नेबरहुड हाउस’ सुरू केलं आणि १९३६ साली तिथेच टाटांच्या मदतीने समाजकार्याचं शिक्षण देणारी संस्था उभी राहिली. आज आपण तिला टिस म्हणून ओळखतो. तेव्हा पगारी, प्रशिक्षित सोशल वर्कर आपल्यालाही नवा नाही. त्याचा फोटो फक्त कुठल्या फ्लेक्सवर लागत नाही.

‘ईस्ट साइड/वेस्ट साइड’चा नायक नील ब्रॉक हा असाच माणूस. न्यूयॉर्कमधल्या एका खासगी कल्याण संस्थेत नोकरीला. त्याची भूमिका केली जॉर्ज सी. स्कॉटने. ऑफिसची प्रमुख फ्रीडा हेक्लिंगर (एलिझाबेथ विल्सन) आणि सेक्रेटरी जेन फॉस्टर (सिसिली टायसन). २३ सप्टेंबर १९६३ रोजी सीबीएसवर पहिला भाग लागला. सोमवारी रात्री दहा वाजता, कृष्णधवल. चित्रीकरण हॉलिवूडच्या सेटवर न करता न्यूयॉर्कमध्येच होत होतं.

काळ बघा. वॉशिंग्टनमधला तो प्रचंड मोर्चा आणि मार्टिन ल्यूथर किंगचं भाषण होऊन महिनाही झाला नव्हता. पण त्याच सीबीएसवर देशातली सर्वांत लोकप्रिय मालिका होती ‘द बेव्हर्ली हिलबिलीज’. जमिनीत तेल सापडून रातोरात श्रीमंत झालेल्या खेडवळ कुटुंबाची कॉमेडी. टीव्ही म्हणजे विस्तीर्ण उजाड माळ आहे, अशा अर्थाची टीका सरकारी प्रसारण आयोगाचे अध्यक्ष न्यूटन मिनो यांनी १९६१मध्येच केली होती. त्या माळावर निर्माता डेव्हिड सस्किंडने हे रोपटं लावलं.

कुणाला मारायचं?

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे प्रत्येक अडचणीचं एक ‘तिकीट’ असतं. कुणीतरी ते उघडतं, कुणीतरी सोडवतं आणि शेवटी त्यावर ‘क्लोज्ड’ असा शिक्का बसतो. टीव्हीवरचे डॉक्टर, वकील, पोलीस याच पद्धतीने चालतात. पन्नास मिनिटांत आजार कळतो, खुनी सापडतो, तिकीट बंद. नील ब्रॉकची तिकिटं अशी बंद होत नाहीत. आमच्याकडे आणखीही एक शिक्का असतो : ‘वोन्ट फिक्स’. चूक मान्य आहे, पण दुरुस्त होणार नाही. त्याच्या बऱ्याच फायलींवर हाच शिक्का शोभला असता.

४ नोव्हेंबर १९६३चा ‘हू डू यू किल?’ हा भाग घ्या. लेखक अर्नोल्ड पर्ल. हार्लेममधल्या मोडकळीला आलेल्या इमारतीत राहणारं कृष्णवर्णीय जोडपं, जो आणि रूथ. नवरा जेम्स अर्ल जोन्स, बायको डायना सँड्स. त्यांच्या तान्ह्या मुलीला घरात उंदीर चावतो आणि ती दगावते. पुढचा सगळा भाग म्हणजे त्या दोघांचं दुःख. तो संतापाने पेटलेला, ती गोठून गेलेली.

शीर्षकातच प्रश्न आहे, कुणाला मारायचं? घरमालकाला? इमारतीकडे न पाहणाऱ्या महापालिकेला? काम न देणाऱ्या मालकांना? उंदराला? मालिका एकाही नावावर बोट ठेवत नाही, कारण प्रत्येकाचा हात थोडा थोडा आहे. आपला नायक इथे काय करतो? फार काही नाही. तो जवळ थांबतो. गंमत म्हणजे हीच गोष्ट सर्वांत खरी वाटते. उंदराने मूल मेल्यावर सोशल वर्कर दुसरं काय करू शकतो?

अटलांटा आणि श्रीव्हपोर्ट इथल्या स्थानिक केंद्रांनी हा भाग दाखवलाच नाही. उलट न्यूयॉर्कचे सिनेटर जेकब जॅव्हिट्स यांनी सिनेटमध्ये त्याचं कौतुक केलं. जोन्स आणि सँड्स दोघांनाही एमीसाठी नामांकन मिळालं, दिग्दर्शकाला तर एमी मिळालंच.

आणि बाहेर? त्याच हिवाळ्यात हार्लेमच्या भाडेकरूंनी जेसी ग्रे याच्या नेतृत्वाखाली भाडं द्यायचं बंद केलं. कोर्टात तारीख पडली तेव्हा पुरावा म्हणून ते घरातले उंदीर घेऊन गेले. मालिका पाहून त्यांनी हे केलं, असं मी म्हणत नाही. त्यांना टीव्हीने उंदीर दाखवायची गरज नव्हती. गरज होती ती बाकीच्यांना. आणि दाखवल्याने किती फरक पडला, तेही पाहून घेऊ. २० जुलै १९६७ रोजी शहरांमधल्या उंदरांच्या बंदोबस्तासाठी चार कोटी डॉलर देणारं विधेयक अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहापुढे आलं. ‘सिव्हिल राइट्स’ऐवजी ‘सिव्हिल रॅट्स’ अशा कोट्या करून सभासद हसले. चर्चेला घेण्याआधीच २०७ विरुद्ध १७६ मतांनी ते पाडलं गेलं. ओरड झाल्यावर त्याच वर्षी दुसऱ्या आरोग्य कायद्यात उंदरांसाठी तरतूद करावी लागली. मालिका तोपर्यंत बंद होऊन तीन वर्षं झाली होती.

नेत्याच्या ऑफिसात बदली

डिसेंबरमध्ये ‘नो हायडिंग प्लेस’ हा भाग आला. गोऱ्यांच्या उपनगरात एक कृष्णवर्णीय जोडपं घर घेतं. लगेच दलाल गोऱ्या शेजाऱ्यांच्या कानाला लागतात : आता भाव पडणार, लवकर विका. घाबरून विकलेली घरं स्वस्तात घ्यायची आणि कृष्णवर्णीयांना महागात विकायची, हा तेव्हाचा खराखुरा धंदा होता. इथेही खलनायक एकटा नाही. स्वतःला उदारमतवादी समजणारे भले लोकच इथे कसाला लागतात. स्वतःच्या सोसायटीत भाडेकरूचं आडनाव विचारताना ऐकलेल्या कुणालाही हा भाग परका वाटणार नाही.

दक्षिणेतली केंद्रं नाखूश, जाहिरातदार बिचकलेले. मूल मेल्याच्या दृश्यानंतर साबण कसा विकायचा? मग मालिकेत बदल आला. ब्रॉक संस्था सोडून एका तरुण काँग्रेसमनच्या कार्यालयात कामाला लागतो. एकेका कुटुंबापेक्षा कायद्याच्या पातळीवर काही करता येईल, असा त्यामागचा विचार. थोडक्यात, समाजसेवकाला शेवटी नेत्याच्या ऑफिसात जावंच लागलं. आपल्या फ्लेक्सवाल्यांना हे वाचून बरं वाटेल.

पण प्रेक्षक वाढले नाहीत. २७ एप्रिल १९६४ रोजी मालिका संपली. एक हंगाम, सव्वीस भाग. दोनच महिन्यांनी, २ जुलैला, नागरी हक्क कायद्यावर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांची सही झाली. सस्किंडच्या कंपनीने पुढच्या वर्षी ‘गेट स्मार्ट’ काढली. बुटात फोन असलेल्या बावळट गुप्तहेराची कॉमेडी. ती पाच हंगाम चालली. ब्रॉकच्या मालिकेत पाहुणी म्हणून येऊन गेलेली बार्बरा फेल्डन तिच्यात ‘एजंट ९९’ म्हणून घराघरांत पोचली. धंद्याचं गणित समजायला एवढं पुरे.

पुढे कोण कुठे गेलं

स्कॉटचं काही बिघडलं नाही. मालिका चालू असतानाच, जानेवारी १९६४मध्ये, कुब्रिकचा ‘डॉ. स्ट्रेंजलव्ह’ आला. त्यात तो युद्धखोर जनरल आहे. सोमवारी रात्री टीव्हीवर गरिबांसाठी तळमळणारा आणि थिएटरात अणुबॉम्ब टाकायला उतावीळ झालेला, असा एकच माणूस प्रेक्षकांनी एकाच महिन्यात पाहिला. १९६२ साली न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’चा प्रयोग होता. त्यात शायलॉक झालेल्या स्कॉटला बघायला कुब्रिक गेला, तर त्याच नाटकात जोन्सही होता. कुब्रिकने दोघांनाही घेतलं. जोन्सचा तो पहिला सिनेमा. पुढे स्कॉटने ‘पॅटन’साठी मिळालेलं ऑस्कर नाकारलं. एलिझाबेथ विल्सन ‘द ग्रॅज्युएट’मध्ये डस्टिन हॉफमनची आई झाली. डायना सँड्सला मात्र वेळच मिळाला नाही. १९७३मध्ये कर्करोगाने ती गेली तेव्हा ३९ वर्षांची होती.

माझ्या मते मालिकेची खरी गोष्ट सिसिली टायसनची आहे. नेव्हिस बेटावरून आलेल्या आईवडिलांची ही मुलगी न्यूयॉर्कमध्ये वाढली. अभिनयात येण्यापूर्वी ती रेड क्रॉसच्या ऑफिसात टायपिस्ट होती. १९५०च्या दशकात ‘ब्यूला’ या मालिकेची नायिका कृष्णवर्णीय होती, पण मोलकरीण होती, आणि ती मालिका विनोदी होती. प्राइम टाइमच्या गंभीर मालिकेत कायमस्वरूपी भूमिका मिळालेली पहिली कृष्णवर्णीय अभिनेत्री म्हणून टायसनचं नाव घेतलं जातं. आणि भूमिका कसली? ऑफिसातली सेक्रेटरी. वंशभेदावर एवढं धीटपणे बोलणाऱ्या मालिकेने आपल्याच कृष्णवर्णीय पात्राला वाक्यं मोजून दिली. ब्रॉक काँग्रेसमनकडे गेल्यावर तर तिचं आणि विल्सनचं कामच मागे पडलं.

पण तिने एक गोष्ट केली. केस सरळ न करता, आखूड आणि जसे आहेत तसे कुरळे ठेवून ती कॅमेऱ्यासमोर बसली. त्या काळात कृष्णवर्णीय स्त्रीने नोकरीवर जायचं तर केस सरळ करूनच, असा अलिखित नियम होता. तिने पुढे मुलाखतींमध्ये सांगितलंय, की हेअरड्रेसर तक्रारीची पत्रं पाठवायचे : टीव्हीवरच्या त्या मुलीसारखे केस हवेत म्हणून गिऱ्हाइकं केस कापून घेतायत, आमचा धंदा बसतोय. नायकाला २६ भागांत कुणाचं आयुष्य फारसं बदलता आलं नाही. मागच्या टेबलावरच्या बाईने, तेही न बोलता, किती घरांतले आरसे बदलले.

त्यानंतर तिने भूमिका निवडून घेतल्या, आणि म्हणून बराच काळ कामाशिवायही काढला. १९७२च्या ‘साउंडर’साठी ऑस्करचं नामांकन मिळालं. १९७४मध्ये तिने ११० वर्षांची जेन पिटमन साकारली आणि एमी मिळवलं. ‘द ट्रिप टू बाउंटिफुल’साठी २०१३ साली टोनी मिळालं तेव्हा ती ८८ वर्षांची होती. पुढे मानद ऑस्करही आलं. २८ जानेवारी २०२१ रोजी, वयाच्या ९६व्या वर्षी ती गेली. आत्मचरित्र दोनच दिवसांपूर्वी प्रसिद्ध झालं होतं.

‘हाउ टू गेट अवे विथ मर्डर’ पाहिली असेल, तर तुम्ही तिला ओळखता. व्हायोला डेव्हिसच्या अ‍ॅनलीसची आई ती हीच. पहिल्याच हंगामात अ‍ॅनलीस आरशासमोर विग उतरवते तो सीन तेव्हा खूप गाजला होता. त्यानंतर काही भागांनी तिची आई येते, खचलेल्या लेकीला पुढ्यात बसवते आणि तिचे केस विंचरते. लेकीची अडचण काही सुटत नाही. आई तेवढा वेळ जवळ बसून राहते.